पाण्यावर उभें राहणें : एरंडोलच्या दोन भाऊबिजा

खानदेशांत जावयाचें तर भाऊबिजेस जावें, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे. उन्हाळ्यांत येथील ऊन पाहुण्याची परीक्षा पाहतें, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल पायांतील वहाण ओढून घेतो. परंतु कार्तिकाच्या आरंभीं शेतांत कापसाचीं बोंडें उमललेलीं असतात, पहांटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि वांग्याच्या भरिताचा व कळण्याच्या भाकरीचा वास स्वयंपाकघरांतून ओसरीपर्यंत येऊन पाहुण्यास आपण होऊन पाटावर बसवितो. आमची थोरली बहीण एरंडोलास दिली असल्यामुळें हा योग आम्हांस बहुतेक प्रतिवर्षीं येतो. गेल्या व यंदाच्या भाऊबिजेस मात्र तेथें जें पाहिलें, तें केवळ घरगुती म्हणून मनांत ठेवण्याजोगें नाहीं असें वाटल्यावरून वाचकांपुढें मांडीत आहों.

जळगांवास आगगाडीतून उतरून धुळ्याकडे जाणारी एस. टी. धरली म्हणजे प्रथम गिरणेचा पूल लागतो. पलीकडे बांभोरीच्या माळावर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करणारें विद्यापीठ आहे. पुढें पाळधी मागें टाकून जळगांवापासून सुमारें ३० किलोमीटरांवर एरंडोल येतें. गांव अंजनी नदीच्या कांठीं वसलेलें असून जुनें आहे. येथील हातकागद एके काळीं प्रसिद्ध होता. परंतु गांवकऱ्यांस विचारलें तर ते कागदाची गोष्ट नंतर सांगतात. आधीं सांगतात ती भीमाची. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, अशी येथील श्रद्धा आहे. हिंदुस्थानांत दुसऱ्याहि कांहीं गांवांनीं हा मान आपणाकडे घेतला आहे, हें एरंडोलकरांस ठाऊक नाहीं असें नाहीं. तथापि पांडववाडा या नांवानें ओळखली जाणारी दगडी वास्तू आणि जवळच्या डोंगरांतील भीमकुंड दाखवून ते आपला दावा शांतपणें पुढें चालू ठेवतात.

गतवर्षीं भाऊबिजेच्या आदल्या दिवशीं सर्व मंडळी पद्मालयास गेलों होतों. गांवापासून सुमारें १० किलोमीटरांवर, टेंकडीवरील झाडींत हें गणेशस्थान आहे. गाभाऱ्यांत दोन मूर्ति शेजारीं शेजारीं असून एकीची सोंड उजवीकडे व दुसरीची डावीकडे वळलेली आहे. देवळासमोर कमळांचें तळें. त्यावरूनच स्थानाचें नांव पडलें. पानांनीं झांकलेल्या त्या पाण्याकडे पाहून आमचा भाचा, जो पुण्यास संगणकाच्या कचेरींत नोकरीस आहे, एकदम म्हणाला, “मामा, या तळ्यांत माझा बोर्ड टाकला तर काय मजा येईल!”

त्याच्या आजी, म्हणजे आमच्या बहिणीच्या सासूबाई, पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हें तळें देवाचें आहे, आणि कमळांचें आहे. तुझ्या खेळासाठीं नाहीं.” एवढें बोलून त्या उठल्या, व घरीं येईपर्यंत कोणाशीं बोलल्या नाहींत. देवाच्या तळ्याचा मान राखला गेला यांत आम्हांस आनंदच वाटला. पण त्यांच्या मौनाचें कारण तेवढेंच नसावें, अशी शंकाहि आली.

हा बोर्ड म्हणजे काय, तें येथें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्यास स्टँड-अप पॅडल बोर्ड म्हणतात. आपण उभ्यानें वल्हवावयाची फळी म्हणूं. भाच्याची फळी पाठीवरील पिशवींत घडी करून आली होती. पंपानें हवा भरतांच ती सुमारें साडेदहा फूट लांब, अडीच फुटांहून कांहींशी अधिक रुंद आणि सहा इंच जाड अशी झाली, व इतकी ताठ झाली कीं दोन ओट्यांवर टेंकवून वर माणूस उभा केला तरी वांकूं नये. मोटारीच्या चाकांत ३० ते ३५ पौंड दाब असतो. हिच्यांत १२ ते १५ पौंडांतच हा ताठपणा येतो. त्याचें मर्म असें कीं, वरचें व खालचें कापड आंतून हजारों दोऱ्यांनीं एकमेकांस जोडलेलें असतें. त्यामुळें हवा भरली तरी ती फुग्यासारखी न फुगतां सपाट राहते. हातांत एकच वल्हें, तें डोक्याहून वीतभर उंच. त्याचें पातें दांड्याशीं किंचित् वांकडें बसविलेलें असतें, व तें पुढच्या बाजूस झुकलेलें धरावयाचें. नवशिका हटकून उलटें धरतो. आम्हींहि तसेंच धरलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर बहिणीनें स्वयंपाकघरांत आम्हांस जें सांगितलें, तें इतक्या वर्षांत आम्हांस कळलें नव्हतें. आजींचा दुसरा मुलगा, आमच्या मेहुण्यांचा धाकटा भाऊ, बारा वर्षांचा असतांना अंजनीच्या डोहांत बुडाला. या गोष्टीस पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. त्यास पोहतां येत नव्हतें. मित्र उतरले म्हणून तोहि उतरला. त्या दिवसापासून घरांतील कोणत्याहि मुलानें पाण्यांत उतरावयाचें नाहीं, असा नियम झाला. तो कोणी मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं, पण मोडलाहि नाहीं. वाड्याच्या मागील विहिरीवर जाळी बसली. मेहुण्यांस, त्यांच्या दोघां चुलत भावांस आणि पुढील पिढींतील पांचहि मुलांस पोहणें येत नव्हतें. निदान असा सर्वांचा समज होता.

आम्ही हें ऐकत असतांना भाचा दारांत उभा होता. तो तसाच माजघरांत आजींकडे गेला व म्हणाला, “आजी, मला पोहतां येतें. पुण्यास कॉलेजांत असतांना शिकलों. तुला सांगितलें नाहीं, तें चुकलें.”

आजी पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “या गांवांत जन्म घेतलास, तेव्हां बकासुराची गोष्ट तुला मी सांगावयास नको. कुंतीनें भीमाला राक्षसाकडे धाडलें, तें त्याचें बळ तिला ठाऊक होतें म्हणून. मला माझ्या मुलाचें बळ ठाऊक नव्हतें. आणि पुढें तुम्हां कोणाचेंहि मीं ठाऊक करून घेतलें नाहीं. नुसतें अडवून धरलें. उद्यां मी येतें. मला दाखव.”

भाऊबिजेची ओंवाळणी दुपारींच आटोपून आम्ही शेतावर गेलों. मेहुण्यांनीं तेथें शेततळें खणलें आहे. २०१६ सालीं सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली, तींत जास्तींत जास्त ३० मीटर लांब, तितकेंच रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्यास साहाय्य मिळे. हें तळें त्याच मापाचें आहे. पाणी मुरूं नये म्हणून आंत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. पावसाळा संपतांना तें कांठोकांठ भरतें, आणि तेंच पाणी फाल्गुन-चैत्रांत लिंबाची बाग जगवितें. वरून पाहतां याहून निरुपद्रवी पाणी नाहीं. वास्तविक तें नदीहूनहि कपटी असतें. कारण त्या तिरप्या प्लास्टिकवर शेवाळ धरतें, पाय ठरत नाहीं, हाताला धरावयास दगड नाहीं कीं मूळ नाहीं. आंत पडलेल्या माणसास, किंबहुना पोहणाऱ्यासहि, बाहेर निघणें कठीण होतें. म्हणून भाच्यानें प्रथम बांधावरच्या कडुलिंबास दोन जाड दोर बांधून त्यांचीं गांठी मारलेलीं टोंकें पाण्यांत सोडलीं. आजी बांधावर घोंगडीवर बसून हें सर्व बारकाईनें पाहत होत्या.

तो आधीं फळीशिवाय पाण्यांत उतरला व पलीकडच्या कांठापर्यंत पोहून परत आला. आजींनीं पदराचें टोंक मुठींत घट्ट धरलें होतें. तो दोर धरून वर आला तेव्हां तें सुटलें. मग त्यानें अंगांत तरंगतें जाकीट घातलें, फळीचा दोर घोट्यास बांधला, आणि तो फळीच्या मध्यावर गुडघे टेंकून बसला. चार वल्हीं मारून झाल्यावर एकेक पाऊल उचलून उभा राहिला. पाय कमरेइतके अंतरावर व समांतर, गुडघे किंचित् सैल, नजर पायांकडे नव्हे तर पलीकडच्या बांधावर. “खालीं पाहिलें कीं खालींच जातों,” असें तो आम्हांस उद्देशून म्हणाला.

आमचें पोहणें बालपणीं वाळलेला भोपळा पाठीला बांधून गांवच्या विहिरींत झालेलें. तेव्हां आम्हीहि उत्साहानें चढलों. उभें राहण्यापर्यंत सर्व ठीक झालें. मग पाय कांपूं लागले, तो कंप फळींत उतरला, फळीनें तो पाण्यास दिला, पाण्यानें दुप्पट करून आम्हांस परत केला, आणि आम्ही कुशीवर पाण्यांत गेलों. मुलें टाळ्या पिटूं लागलीं, आजीहि हंसल्या. चार वेळां पडल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. नुसतें स्थिर उभें राहूं पाहणारा हटकून पडतो. जो वल्हवीत राहतो त्यास वल्ह्याचें पातें हें तिसऱ्या पायासारखा आधार देतें. दुसरें असें कीं, वल्हें हातांनीं ओढावयाचें नसतें. वरच्या हातानें दांडा खालीं दाबावा, पातें पुढें लांब रोंवावें, आणि कंबरेपासून धड वळवून फळी त्या पात्याकडे न्यावी. पातें घोट्याशीं आलें कीं उचलावें. तळें लहान, म्हणून दर पंधरा-वीस वल्ह्यांनीं वळावें लागे, व प्रत्येक वळणांत पोटाचे व पाठीचे स्नायू कामास लागत. अर्ध्या तासानें बांधावर आलों तेव्हां दंडांपेक्षां बरगड्यांखालचें अंग अधिक दुखत होतें.

भाचा याकडे वळला तो पाठदुखीमुळें. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चींत बसून कंबर आखडली, तेव्हां एका मित्राबरोबर पुण्याजवळच्या एका जलाशयावर शिक्षकाच्या हाताखालीं तो हें शिकला. त्याचा क्रम साधा आहे : पांच मिनिटें गुडघ्यांवर बसून वल्हविणें, मग उभ्यानें दहा मिनिटें संथपणें, नंतर एक मिनिट जोरानें व एक मिनिट सावकाश असें आठ वेळां, मग फळीवरच वल्हें आडवें धरून दहा अर्ध्या बैठका, आणि शेवटीं उताणें पडून श्वास शांत करणें. आपल्याकडील मल्लखांबाशीं याची तुलना करण्याचा मोह होतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधर यांनीं ज्या विद्येस पुनरुज्जीवन दिलें, तींतहि अंगाचा तोल हाच प्रधान आहे. भेद इतकाच कीं, तेथें खांब स्थिर असून माणूस हलतो. येथें खालचा आधार हलतो आणि माणसानें स्थिर व्हावयाचें.

ही कला कोठून आली, असें मुलांनीं विचारलें. उभ्यानें वल्हविणें हें तराफेवाल्यांचें व कोळ्यांचें फार जुनें कौशल्य आहे. ब्रह्मदेशांतील इनले सरोवरावर तर कोळी एका पायावर उभे राहून दुसरा पाय वल्ह्याभोंवतीं गुंडाळून होडी चालवितात. आजच्या फळीचें मूळ हवाई बेटांतील वायकीकीच्या किनाऱ्यावर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील लाटांवरचे शिक्षक फळीवर वल्हें घेऊन उभे राहत, म्हणजे शिष्यांवर व येणाऱ्या लाटेवर नजर ठेवतां येई. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं लेअर्ड हॅमिल्टन प्रभृति हवाईच्या खेळाडूंनीं तिला नवें रूप दिलें, आणि २०१२ सालीं पेरू देशांत तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्या देशांतहि सर्फिंग महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत या फळीच्या शर्यती होतात.

व्यायाम म्हणून हिचें खरें मोल किती? ऑस्ट्रेलियांतील बाँड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैठें जीवन जगणाऱ्या १३ जणांनीं ६ आठवडे, आठवड्यांतून ३ वेळां, एकेक तास हा व्यायाम केला. त्यांचा दमश्वास सुमारें २४ टक्क्यांनीं वाढला. पोट, कुशी व पाठ यांच्या स्नायूंची तग धरण्याची शक्ति वीस ते अठ्ठावीस टक्क्यांनीं वाढली. मनहि अधिक प्रसन्न झालें. परंतु ज्या गुणासाठीं लोक या फळीची विशेष वाखाणणी करतात, त्या तोलांत मोजण्याजोगा फरक आढळला नाहीं. प्रयोग लहान, मुदत थोडी, तेव्हां यावरून शेवटचा निर्णय करूं नये. तथापि विकत घेण्यापूर्वीं हें ठाऊक असलेलें बरें. उलट तोलाचें महत्त्व मात्र निर्विवाद आहे. ब्राझिलमध्यें ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांस एका पायावर १० सेकंद उभें राहावयास सांगण्यांत आलें. सुमारें पांचांतील एकास तें जमलें नाहीं, आणि पुढील कांहीं वर्षांत त्या गटांतील मृत्यूंचें प्रमाण बरेंच अधिक आढळलें. हा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. न जमणें हें मृत्यूचें कारण नव्हे, अशक्तपणाची खूण आहे. पण रोज सकाळीं भिंतीशीं किंवा कट्ट्याशीं उभें राहून, हात टेंकावयास जवळ ठेवून, एकेक पाय उचलण्यास फळी लागत नाहीं, कीं पैसा लागत नाहीं.

दुसरी बाजूहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट गांवीं ३० ऑक्टोबर २०२१ रोजीं पुराच्या पाण्यानें भरलेल्या नदींत कांहीं मंडळी या फळ्यांवरून निघालीं. वाटेंत बंधारा आला, फळ्या त्यावरून खालीं गेल्या, आणि ४ जणांनीं प्राण गमावले. गिरणेवर व तिच्यासारख्या आपल्या नद्यांवर ठिकठिकाणीं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याखालीं उलटें फिरणारें पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यासहि सोडीत नाहीं. वाहत्या पाण्यांत घोट्याचा दोरहि वैरी होतो; तो फांदींत वा खांबांत अडकला तर वांकून सोडवितां येत नाहीं. तेथें कमरेचा, एका झटक्यासरशी सुटणारा पट्टाच हवा. धरणाच्या जलाशयांत परवानगीवांचून उतरूं नये, हें निराळें सांगावयास नको.

त्या संध्याकाळीं परत निघतांना धाकटीं मुलें फळीसाठीं हट्ट धरून बसलीं. निर्णय आजींनीं दिला. “ज्याला हें तळें दोनदां पोहून पार करतां येईल, तो उभा राहील. तोंवर फळी माळ्यावर. आणि शिकवावयास घरचा कोणी नको. ज्याचें तें काम आहे असा माणूस पाहा.” आम्हांस साने गुरुजींची आठवण झाली. येथून जवळच अमळनेरास प्रताप हायस्कुलांत ते शिक्षक होते. पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत, पाण्यास भिऊन लपून बसलेल्या मुलास आई मारून पोहावयास धाडते. तें प्रकरण आम्हीं लहानपणीं वाचलें तेव्हां आई कठोर वाटली होती. मुलास भित्रा म्हणवून न घेणारी ती माया होती, आणि एक मूल गमावलेल्या आजींस तीच माया पन्नास वर्षें उलट दिशेनें नेत होती, हें त्या दिवशीं कळलें.

आजींच्या घरची गोष्ट एकट्या त्यांची नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, आणि ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणें हें तिसरें आहे. त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस बुडण्यास प्रतिबंध करण्याच्या कार्यासाठीं जगभर पाळला जातो. आपल्या सुशिक्षित घरांत मुलांस गणित, संगीत, परक्या भाषा यांसाठीं शिक्षक ठेवतात. पोहणें मात्र “पाहूं पुढें” म्हणून राहतें.

यंदाच्या भाऊबिजेस आम्ही पुन्हां गेलों. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांस जळगांवीं नातेवाइकांकडे ठेवून पोहणें शिकविलें होतें. शेततळ्याभोंवतीं कुंपण झालें आहे, फाटकास कुलूप आहे, चारी बाजूंस दोराच्या शिड्या सोडल्या आहेत, आणि बांधावर दोन रबरी कडीं टांगलेलीं आहेत. भाची यंदा दहावींत आहे. ती दोनदां तळें पार करून आली, जाकीट चढवून फळीवर गेली, दोन वेळां पडली, तिसऱ्या वेळीं उभी राहिली. आजी बांधावर बसून मोठ्यानें आंकडे मोजीत होत्या. साठांपर्यंत मोजून झाल्यावर म्हणाल्या, “पुरे. आतां हिचें बळ मला ठाऊक झालें.”

निघण्याच्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आम्हांस बोलाविलें. “मला अंजनीच्या त्या डोहाकडे घेऊन चला. पन्नास वर्षें मी त्या वाटेनें गेलें नाहीं.” आम्ही, मेहुणे व भाचा असे त्यांस हात देऊन घेऊन गेलों. डोह आतां उरलेला नाहीं. गाळ व वाळू भरून पाणी जेमतेम गुडघाभर राहिलें आहे, व त्यांत दोन म्हशी बसल्या होत्या. आजींनीं पदरांतून आणलेलें झेंडूचें फूल पाण्यांत सोडलें; तें थोडें फिरलें व पुढें गेलें. मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्या चढण चढूं लागल्या. “हळू चल,” त्याला म्हणाल्या, “पण थांबूं नकोस.”